लाल रंगाखालची पांढरी मस्टँग : एका रिस्टोरेशनमधल्या संदर्भांची छाननी

पार्श्वभूमी

एका संग्राहकांनी 1965 सालची फोर्ड मस्टँग फास्टबॅक (छप्पर मागे सलग उतरत जाणारा प्रकार) विकत घेतली. गाडी लाल. पुढच्या जाळीत दोन फॉग लॅम्प, दारांच्या खालच्या कडेला जीटीचे, म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनासोबत मिळणाऱ्या फोर्डच्या खास पॅकेजचे पट्टे, डॅशबोर्डवर पाच गोल डायल, मागच्या बंपरखालून बाहेर आलेली दोन साइलेन्सरची तोंडं. विकणाऱ्याने ती ‘कारखान्यातूनच आलेली जीटी’ म्हणून विकली होती. पुरावा म्हणून ड्रायव्हरच्या दारावरची धातूची पट्टी दाखवली होती.

मालकांना गाडी नुसती चकाचक करून नको होती. 1965 मध्ये ती कारखान्याच्या फाटकातून जशी बाहेर पडली तशीच हवी होती : रंग, नट-बोल्टवरचा मुलामा, वायरच्या क्लिपा, सगळं. पुढेमागे काटेकोर परीक्षण होणाऱ्या प्रदर्शनात ती उतरवायची, हाही विचार होता. वर्कशॉप अनुभवी होतं, पण पत्र्याच्या आणि इंजिनाच्या कामात. कोणत्या जागी काय होतं हे ठरवण्यासाठी संदर्भ गोळा करून तपासायचं काम माझ्याकडे आलं.

या गाडीबद्दल दोन गोष्टी आधी सांगतो. मस्टँग 17 एप्रिल 1964 रोजी बाजारात आली आणि फास्टबॅक त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये. त्या काळात ती तीन कारखान्यांत बनत होती : डिअरबॉर्न, सॅन होजे आणि मेटाचेन. (सॅन होजेचा कारखाना प्रत्यक्षात शेजारच्या मिलपिटास गावात होता. 1983 मध्ये तो बंद पडला आणि आज त्या इमारतीत मॉल आहे. तिथे जाऊन काही सापडेल ही आशा त्यामुळे कोणी धरू नये.) तिन्ही कारखान्यांत नकाशे एकच होते, पण रंगकामाच्या आणि जोडणीच्या सवयी सारख्या नव्हत्या. संदर्भ शोधणाऱ्याची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

अडचण नेमकी कुठे होती

1967 आणि त्यानंतरच्या फोर्ड गाड्यांच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. फोर्डच्या उत्पादन नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेकडे परवान्याने आलेल्या आहेत. चेसिस नंबर दिला की रंग, इंजिन, गिअरबॉक्स, घेतलेल्या जादा सोयी असं सगळं छापून मिळतं. मालकांनी गाडी घेतल्या घेतल्या हाच अहवाल मागवायचा प्रयत्न केला. पण गाडी 1965 ची. त्या वर्षासाठी तशी नोंद मिळतच नाही. थोडक्यात, ‘ही गाडी कशी बनली’ हे सांगणारा एकही अधिकृत कागद हातात नव्हता.

उरली दारावरची पट्टी. तिच्यावर चेसिस नंबर, बॉडीचा प्रकार, रंग, आतल्या कापडाचा संकेत, तारीख, गिअरबॉक्स वगैरे असतं. या पट्टीवर बॉडी ‘63बी’, म्हणजे उंची सजावटीची फास्टबॅक. रंग ‘जे’, म्हणजे रंगून रेड. तारीख मे महिन्यातली. वरवर पाहता सगळं जुळत होतं. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि लाल रंगाचा डबा उघडतात.

न जुळणारी पहिली गोष्ट त्याच पट्टीवर होती. चेसिस नंबर ‘5आर09सी’ असा सुरू होत होता : 5 म्हणजे 1965, आर म्हणजे सॅन होजे, 09 म्हणजे फास्टबॅक आणि सी म्हणजे 289 क्युबिक इंचाचं, दोन बॅरलच्या (हवा आत घेणाऱ्या दोन नळ्यांच्या) कार्ब्युरेटरचं 200 हॉर्सपॉवरचं इंजिन. एप्रिल 1965 मध्ये जीटी पॅकेज आलं ते फक्त चार बॅरलच्या इंजिनांसोबत : 225 हॉर्सपॉवरचं ‘ए’ किंवा 271 हॉर्सपॉवरचं ‘के’. ‘सी’ इंजिनाची गाडी कारखान्यातून जीटी म्हणून निघूच शकत नाही. शिवाय पट्टीवर जीटीसाठी वेगळा संकेत कधीच नसे. म्हणजे विकणाऱ्याने पुरावा म्हणून जी वस्तू दाखवली, ती फार तर त्याच्या विरुद्ध साक्ष देत होती.

समोर असलेले संदर्भ

संदर्भ कमी नव्हते, खरं तर जास्तच होते. ते एकमेकांशी पटत नव्हते, ही अडचण. म्हणून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : हा कागद किंवा ही वस्तू कोणी, कधी आणि कशासाठी तयार केली?

1965 चं फोर्डचं शॉप मॅन्युअल मस्टँगसोबतच कॉमेट, फाल्कन आणि फेअरलेनसाठीही होतं. ते डीलरच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं. बोल्ट किती ताणायचे, बेअरिंगला किती फट ठेवायची, वायरिंग कसं जातं, यासाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. पण ब्रॅकेटला काळा रंग होता की जस्ताचा मुलामा, हे मेकॅनिकला कशाला हवं? मॅन्युअल त्याबद्दल गप्प आहे. मग लोक त्यातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून अंदाज बांधतात आणि तो ‘फॅक्टरी मॅन्युअलप्रमाणे’ म्हणून सांगतात.

1965 ते 1972 पर्यंतचा मास्टर पार्ट्स कॅटलॉग डीलरच्या काउंटरसाठी होता. गाडीला बदली म्हणून आज काय विकायचं, हे तो सांगतो. पहिल्या दिवशी काय बसवलं होतं, हे त्याचं कामच नव्हे. मूळ भाग बंद झाला की त्याच्या जागी नवा क्रमांक येतो आणि जुना गायब होतो. दोन वर्षांचे दोन वेगळे भाग एकाच बदली भागात मिसळून गेल्याची उदाहरणं त्यात पुष्कळ सापडतात.

कारखान्याच्या असेंब्ली नकाशांची पुनर्मुद्रणं मिळतात. वायर कुठून न्यायची, कोणती क्लिप कोणत्या भोकात बसते, यासाठी ती सोन्यासारखी. मात्र नकाशा म्हणजे इंजिनिअरने ठरवलेलं. लाइनवर त्या दिवशी काय झालं ते वेगळं असू शकतं. नकाशाच्या कोपऱ्यातल्या सुधारणेच्या तारखा वाचल्याशिवाय तो वापरू नये.

विक्रीची ब्रोशर दिसायला देखणी. पण नव्या मॉडेलच्या ब्रोशरचे फोटो बऱ्याचदा उत्पादन सुरू होण्याआधीच्या नमुना गाड्यांचे असतात आणि त्यावर चित्रकाराचा ब्रशही फिरलेला असतो. रंगांची नावं आणि जादा सोयींची यादी, एवढ्यापुरतीच आम्ही ती धरली.

सगळ्यांत धोक्याचा संदर्भ म्हणजे दुसरी रिस्टोर केलेली गाडी. ती समोर उभी असते, हात लावून पाहता येते, ढाल जिंकलेली असते. पण तिच्या मालकाने कशावरून केलं? बहुधा तिसऱ्या गाडीवरून. 1965 च्या मस्टँगचा इंजिन-कप्पा कारखान्यात अर्धचकाकी काळा असे, बॉडी कोणत्याही रंगाची असो. आज प्रदर्शनांत बॉडीच्याच रंगात झळकणारे इंजिन-कप्पे इतके दिसतात की नवख्याला काळा कप्पाच चुकीचा वाटावा. या गाडीचा कप्पाही लाल रंगवलेला होता.

या सगळ्यांच्या वर आम्ही दोन गोष्टी ठेवल्या. एक, याच कारखान्यातून त्याच सुमारास निघालेल्या आणि कधीच न उघडलेल्या मूळ गाड्या. दोन, खुद्द ही गाडी.

पहिला निर्णय : पट्टीवर विश्वास ठेवायचा का?

वर्कशॉपप्रमुखांचं म्हणणं साधं होतं. पट्टीवरचा चेसिस नंबर आणि बॉनेट उघडल्यावर डाव्या फेंडरच्या खाचेतून आतल्या पत्र्यावर दिसणारा ठोकलेला नंबर एकच आहे. मग पट्टी याच गाडीची, आणि तिच्यावर लाल लिहिलंय. विषय संपला.

मालक मात्र अडून बसले. ‘‘नंबर जुळतो म्हणजे नंबर खरा. बाकीच्या अक्षरांचं काय?’’ त्यांचा हा प्रश्न या कामातला कळीचा ठरला, कारण तशा कोऱ्या पट्ट्या हवा तो मजकूर उमटवून मिळतात.

मग रंगाचे थर पाहायचं ठरलं. ही पद्धत कोणीही करू शकेल अशी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जिथे नंतरच्या पेंटरचा हात सहसा पोचत नाही अशा जागा निवडल्या : दाराच्या उंबऱ्यावरच्या अॅल्युमिनियम पट्टीखाली, मागच्या बाजूच्या आतल्या पॅनेलमागे, दाराच्या चौकटीच्या रबराखाली. तिथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, नाण्याएवढ्या जागेवर एकाच ठिकाणी गोल घासायचं, मध्ये जास्त आणि कडेला कमी. झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखे थर उघडे पडतात. बाहेरचं वलय सगळ्यांत नवं, आणि मधला ठिपका पत्र्याचा.

उंबऱ्याच्या पट्टीखाली लाल नव्हताच. तिथे पत्रा, त्यावर कारखान्याचा प्रायमर आणि थेट त्यावर पांढरा. रबराखाली अर्धवट पोचलेला लाल सापडला. त्याच्या खाली करडा प्रायमर, त्याच्याखाली पेपर मारल्याचे ओरखडे आणि पुन्हा पांढरा. ओरखडे असलेला थर म्हणजे कोणीतरी जुना रंग घासून वर नवा मारलेला. लाल रंग नंतरचा, हे इथे ठरलं.

खरी गंमत दारात होती. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला सगळ्यांत खालचा थर ना लाल ना पांढरा, तो गडद निळा निघाला. म्हणजे दार दुसऱ्याच गाडीचं. दुसऱ्या गाडीच्या दारावर या गाडीचा नंबर असलेली पट्टी दोनच प्रकारे येऊ शकते : जुन्या दारावरून काढून इकडे ठोकली, किंवा नवी बनवून घेतली. जुनी काढून लावली असती तर तिच्यावर पांढऱ्याचा ‘एम’, म्हणजे विम्बल्डन व्हाइट असता. ‘जे’ आहे, म्हणून पट्टी नवी.

एकदा पट्टी नवी म्हटल्यावर तिच्यावरची प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासावी लागली. तारीख मेमधली होती. पण काचांवरचे संकेत आणि इंजिनवरच्या तारखा फेब्रुवारी-मार्च 1965 कडे बोट दाखवत होत्या. सॅन होजेच्याच, चेसिस क्रमांकाने आगेमागे असलेल्या मूळ गाड्यांच्या पट्ट्यांवरही मार्च होता. मे का निवडला असावा याचा तर्क अवघड नाही, जीटी पॅकेज एप्रिलमध्ये आलं होतं.

दुसरा निर्णय : इंजिन ठेवायचं की बदलायचं?

इथे एका जाणकार म्हणवणाऱ्या माणसाच्या मतामुळे मूळ इंजिन जवळजवळ हातचं गेलं होतं. ब्लॉकवर ‘सी5एई-6015-ई’ असं ओतलेलं आहे. फोर्डच्या क्रमांकांत पहिलं अक्षर दशक सांगतं (सी म्हणजे साठचं दशक), पुढचा अंक वर्ष, तिसरं अक्षर गाडीचा प्रकार आणि चौथं कोणत्या विभागाने आराखडा केला ते. मस्टँगचं अक्षर ‘झेड’, मोठ्या फोर्ड गाड्यांचं ‘ए’. त्यावरून सांगण्यात आलं की ब्लॉक मोठ्या गाडीतून आणून बसवलाय, टाकून द्या.

कॅटलॉग उघडला तर गोंधळ आणखी वाढला, कारण तिथले क्रमांक ‘सी5झेडझेड’ असे. ब्लॉकवरच्या आकड्याशी त्यांचा मेळ बसेना. यात विसंगती काहीच नव्हती. भागावर ओतलेला किंवा ठोकलेला असतो तो इंजिनिअरिंग क्रमांक; कॅटलॉगमध्ये असतो तो विक्रीचा क्रमांक, ज्याच्या चौथ्या जागी ‘झेड’ येतो. दोन्हींत सामाईक असतो फक्त मधला मूळ आकडा : कार्ब्युरेटरला 9510, डिस्ट्रिब्युटरला 12127. आणि तिसरं अक्षर भाग मुळात कोणत्या गाडीसाठी आखला ते सांगतं, कोणत्या गाडीत बसला ते सांगत नाही. 289 चा ब्लॉक कितीतरी मॉडेलांत जात होता. मूळ अवस्थेतल्या मस्टँगच्या बॉनेटखाली हाच ‘ए’ सापडतो.

मग हा ब्लॉक याच गाडीचा का? पूर्ण खात्रीने सांगायची सोय नाही. 1965 मध्ये चेसिस नंबर इंजिनवर ठोकला जाई तो फक्त ‘के’ इंजिनांवर. ‘सी’ इंजिनाच्या गाडीला कोणी ‘मॅचिंग नंबर’ म्हणून विकत असेल, तर कुठला नंबर कशाशी जुळला ते विचारावं. हातात फक्त तारखा असतात. सेल्फजवळ ब्लॉकवर ‘5बी’ने सुरू होणारा संकेत होता : 5 म्हणजे 1965, बी म्हणजे फेब्रुवारी. गाडी मार्चच्या सुमाराची. ओतकाम आधी, गाडी नंतर, मध्ये काही आठवडे. क्रम बरोबर लागतो. ‘काळाशी सुसंगत, बहुधा मूळ’ अशी नोंद फाइलमध्ये केली आणि ब्लॉक ठेवला.

रंगाचा प्रश्न मात्र सुटला. इंजिन निळं होतं. फोर्डचा तो ओळखीचा निळा 1966 पासून सगळ्या इंजिनांना आला. 1965 च्या 289 ला ब्लॉक काळा आणि टॅपेट कव्हर व एअर क्लीनर सोनेरी असत. इंजिन माउंटच्या मागे निळ्याखाली काळा होता आणि टॅपेट कव्हरच्या कडेला, गॅस्केटच्या रेषेत, सोनेरी रंगाची केसाएवढी कड शिल्लक होती.

पर्याय

या टप्प्यावर तीन वाटा होत्या. पहिली : गाडी लाल जीटी म्हणूनच सुंदर करायची. भाग अंगावर होतेच, खर्च आणि वेळ दोन्ही कमी, आणि बघणारा खूश. दुसरी : पांढरी, साध्या आतल्या सजावटीची, ‘सी’ इंजिनाची गाडी, जशी निघाली तशी. तिसरी : रंग पांढरा करायचा, पण फॉग लॅम्प आणि पाच डायल ठेवायचे आणि तसं उघड सांगायचं.

मालकांचा कल काही दिवस तिसरीकडे होता. पाच डायल त्यांना फार आवडत. त्यांनी एक रास्त मुद्दा काढला : पाच डायलचं पॅनेल जीटीशिवाय उंची सजावटीच्या गाड्यांतही येत होतं. पट्टीवरचा ‘63बी’ निदान एवढ्यापुरता खरा असेल तर?

याचं उत्तर डॅशबोर्डच्या मागे होतं. साध्या गाडीत आडव्या पट्टीचा, फाल्कनवरून घेतलेला स्पीडोमीटर असे. पेट्रोल आणि तापमानाचे काटे, तर ऑइल आणि चार्जिंगसाठी फक्त दिवे. पाच डायलच्या पॅनेलमध्ये ऑइल प्रेशरला आणि अॅमीटरला खरे काटे. त्यामुळे दोन्हींचं वायरिंग वेगळं. या गाडीत दिव्यांचं मूळ वायरिंग कापून, टेप गुंडाळून, वर अॅमीटरच्या जाड वायरी जोडलेल्या होत्या. शॉप मॅन्युअलचा वायरिंग नकाशा शेजारी ठेवल्यावर कोणती वायर कारखान्याची आणि कोणती नंतरची, हे एकेका रंगावरून लावता आलं. इथे मॅन्युअल हाच योग्य संदर्भ होता.

सीटवर धावत्या घोड्यांच्या नक्षीचं नवं कव्हर होतं. ते काढल्यावर सीटच्या सांगाड्यावर, कव्हर अडकवायच्या जुन्या गंजक्या कड्यांत, नखाएवढे साधे काळे रेक्झिनचे तुकडे चिमटून बसलेले सापडले. नवं कव्हर चढवणाऱ्याने जुनं ओढून फाडलं होतं आणि कड्यांतलं काढायचा कंटाळा केला होता. आळशी कारागीर संदर्भ शोधणाऱ्याचा मोठा उपकारकर्ता असतो.

जीटीच्या इतर खुणाही नव्हत्या. पॅकेजमध्ये पुढे डिस्क ब्रेक येत, इथे चारही ड्रम. जोड साइलेन्सरच्या टांगण्यांसाठी अस्सल जीटीच्या मागच्या रेलला आतून पट्ट्या जोडलेल्या असतात. इथे नुसती ड्रिलने पाडलेली भोकं. पूर्वीच्या मालकांच्या कुटुंबाकडून एक जुना फोटोही मिळाला. त्याच्या पांढऱ्या किनारीवर 1967 चा महिना छापलेला होता. ती तारीख फोटो छापल्याची असते, काढल्याची नव्हे, पण त्यानंतर तर तो काढलेला नाहीच. त्यात गाडी पांढरी, साधी जाळी, फॉग लॅम्प नाहीत.

दुसरी वाट ठरली. मालकांनी ती आनंदाने निवडली असं म्हणणार नाही. पण तिसरी निवडली तर काटेकोर परीक्षणाचा हेतूच संपत होता आणि पहिली त्यांना आता पचणारी नव्हती.

केलेलं काम

प्रत्येक भागासाठी एक पान. त्यावर भागाचा फोटो, आढळलेली अवस्था, कोणता संदर्भ काय म्हणतो आणि शेवटी निर्णय. निर्णयापुढे तीनपैकी एक शेरा : सिद्ध, संभाव्य किंवा गृहीत. ‘सिद्ध’ लिहायला गाडीवरचा पुरावा आणि एक स्वतंत्र संदर्भ लागे. एकमेकांवरून केलेल्या दोन रिस्टोर गाड्या म्हणजे दोन संदर्भ धरायचे नाहीत, हा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवला.

संदर्भांत वाद झाला तो खालच्या फ्लोअरच्या रंगावरून. एका लोकप्रिय मार्गदर्शकात सरसकट गडद करडा सांगितला होता. फोटो होते, पण ते डिअरबॉर्नच्या गाडीचे. या गाडीच्या आवाजरोधक थराखाली तांबूस प्रायमर निघाला आणि सॅन होजेच्या न उघडलेल्या गाड्यांखालीही तसाच दिसला, कडेला बॉडीच्या रंगाची फवार उडालेली. ती फवार आता मुद्दाम, हात सैल सोडून मारावी लागली. पेंटरला हे अजिबात रुचलं नाही. नीट मास्किंग करायची सवय मोडणं त्याला नीट करण्यापेक्षा अवघड गेलं.

पांढरा रंग नुसत्या नावावर मागवला नाही. ‘विम्बल्डन व्हाइट’ या नावाने आज मिळणारे मिश्रण सगळीकडे एकाच छटेचं नसतं आणि जुन्या रंगपुस्तिकेतले नमुने वर्षानुवर्षांत पिवळे पडलेले असतात. पॅनेलमागची, उन्हाचा स्पर्श न झालेली जागा हलक्या हाताने पॉलिश करून तिचं यंत्राने मोजमाप घेतलं. मग दोन-तीन नमुना पत्रे मारून दिवसाच्या उजेडात शेजारी धरले. यंत्राने जवळ आणलं, शेवट डोळ्यांनी केला.

इंजिन-कप्पा काळा, इंजिन काळं-सोनेरी, दोन बॅरलचा ऑटोलाइट कार्ब्युरेटर परत. साध्या स्पीडोमीटरचं पॅनेल त्याच वर्षीच्या एका भंगार गाडीतून मिळालं. जीटीचे भाग खोक्यात भरून, ‘या गाडीवर सापडले, मूळ नाहीत’ अशी चिठ्ठी लावून मालकांकडे दिले.

परिणाम

परीक्षणात गाडीच्या रंगावर, इंजिनावर आणि आतल्या सजावटीवर आक्षेप आला नाही. फ्लोअरबद्दल एका परीक्षकाने शंका घेतली. फाइलमधलं ते पान आणि मूळ गाड्यांचे फोटो दाखवल्यावर ती मागे घेतली. काही क्लिपा आणि होजच्या पकडी चुकीच्या ठरल्या. त्या आमच्या फाइलमध्येही ‘गृहीत’ याच शेऱ्याखाली होत्या.

नवी बनवलेली पट्टी दारावर ठेवायची की नाही, यावर बरीच चर्चा झाली. ती काढून खऱ्या संकेतांची आणखी एक नवी पट्टी लावणं म्हणजे एका बनावटीवर दुसरी. शेवटी ती काढून फाइलमध्ये ठेवली आणि दारावरची जागा मोकळी सोडली. त्याचे गुण गेले. मला हा निर्णय पटतो, वर्कशॉपप्रमुखांना आजही पटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठं नुकसान माझ्याकडे काम येण्यापूर्वी झालं होतं. बॉनेट, डिकीचं झाकण आणि उजवा फेंडर आधीच सँडब्लास्ट करून कोरे केले होते. तो फेंडर मूळचा होता की बदललेला, हे आता कळायला मार्ग नाही. थर पाहायचं काम अर्ध्या दिवसाचं. ते पत्र्याला हात लावण्याआधी व्हायला हवं होतं. तेच बोल्टचं. सुटे केलेले बोल्ट एकाच डब्यात टाकून रसायनात धुतले गेले. कोणता कुठला, कोणावर काळा फॉस्फेटचा थर होता आणि कोणावर जस्ताचा, ही माहिती त्या पाण्याबरोबर गेली. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, न धुता, आधी फोटो काढून ठेवले असते तर ‘गृहीत’ शेऱ्याची पानं निम्म्याने कमी झाली असती.

मूळ गाड्यांचा शोधही उशिरा सुरू झाला. आम्ही आधी कॅटलॉग आणि पुस्तकं वाचली, मग गाड्या पाहायला गेलो. क्रम उलटा असता तर पुस्तकांना नेमके प्रश्न विचारता आले असते. आणि अशा गाडीच्या मालकांकडे जाताना ‘इंजिनाचे फोटो हवेत’ असं मोघम मागून उपयोग नाही. ‘बॅटरीखालच्या पत्र्यावरची क्लिप, वरून आणि बाजूने’ असं मागितलं की लोक आनंदाने काढून देतात.

एक प्रश्न अजून उघडा आहे. एअर क्लीनरवर कोणतं स्टिकर कोणत्या जागी होतं, यावर पाहिलेल्या मूळ गाड्यांचं आपसात जमत नाही, आणि या गाडीचा मूळ एअर क्लीनर पूर्वी कोणीतरी चार बॅरलचा कार्ब्युरेटर बसवला तेव्हाच गेला. तूर्त त्यावर स्टिकर लावलेलं नाही. त्या पानावर शेऱ्याची जागा रिकामी आहे, आणि मार्च 1965 ची सॅन होजेची आणखी एखादी न उघडलेली गाडी मिळते का, याचा शोध चालू आहे.